घुमट आणि ड्रम मशीन: लूप जुळवताना

फोंड्यातल्या माझ्या खोलीत घुमट (गोव्याचं मातीचं, एका तोंडाला कातडं लावलेलं तालवाद्य) आणि ड्रम मशीन पहिल्यांदा जुळवायला बसलो, तेव्हा मशीनचा ठेकाही लूपरमध्येच (रेकॉर्ड केलेला तुकडा म्हणजे लूप पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र) रेकॉर्ड केला. चूक! नंतर किक (मशीनचा खालचा, जाड ठोका) काढावीशी वाटली तर निघत नाही. मशीन थेट मिक्सरला जोडा, लूपरमध्ये फक्त घुमट जाऊ द्या.

मिडी क्लॉकने (यंत्रांची लय जुळती ठेवणारा इशारा) मशीनला मालक करा, लूपर त्याच्या मागे. ९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ मात्रा) चार मात्रांचे चार बार म्हणजे बरोबर १० सेकंद. लूप तेवढाच ठेवा.

आता खरं काम, मशीन रिकामं करणं. किक आणि एखादी टाळी पुरे. घुमटाचा घुमारा मागच्या लहान तोंडावर हात उघडझाप करून निघतो आणि तो किकच्याच खालच्या आवाजाच्या पट्टीत घुसतो. म्हणून किक आखूड करा, घुमट तिच्या मधल्या जागेत वाजवा. माइक दोन असतील तर दुसरा त्या तोंडापाशी, पण हाताला लागणार नाही असा.

स्विंग (मधले ठोके किंचित उशिरा टाकून आणलेला झोका) मी ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवतो. चवथीच्या आरतीत मुरलेला हात सरळ ग्रिडवर, म्हणजे यंत्राच्या समान अंतराच्या ठोक्यांवर, अवघडतो.

पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं. आधी शेकून घ्या, मग लूप.