महिला आघाडीचं पद मिळालंय? हार घालून घ्या, मग हे वाचा

पद मिळालं की पहिला आठवडा आमच्या कोल्हापुरात शिवाजी पेठेत फ्लेक्स आणि पेढे. दुसऱ्या आठवड्यात फोन येतो, ‘वहिनी, मोर्चाला किती बायका आणताय?’ बायका आणा, त्यात काही वाईट नाही. फक्त त्याच फोनवर विचारून ठेवा की उमेदवारांची नावं ठरवायला बसणाऱ्या समितीत महिला आघाडीचं कोण असणार. गर्दी आमची आणि यादी तुमची, हा व्यवहार मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

यादी कुणाच्या हातात आहे, यावर काय काय होऊ शकतं हे बघायचं तर टांझानियाकडं बघा. चादेमा हा तिथला मोठा विरोधी पक्ष, 1992 मधला. त्याच्या महिला आघाडीचं नाव बावाचा. तिथल्या संसदेत बायकांसाठी विशेष जागा असतात. किमान 5 टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षांना त्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात आणि नावं पक्षानं पाठवायची. स्वतःचा मतदारसंघ नसतो. आपल्या स्वीकृत नगरसेवकाचाच मोठा भाऊ म्हणा. ऑक्टोबर 2020 च्या निवडणुकीत चादेमाची थेट निवडून आलेली जागा फक्त एक. पक्षानं निकालच अमान्य केला. तरी नोव्हेंबरात पक्षाच्या 19 बायकांनी विशेष जागांवर शपथ घेतली. त्यांत पुढं होत्या हलिमा म्दे, बावाचाच्याच अध्यक्षा. पक्ष म्हणाला, आम्ही नावं पाठवलेलीच नाहीत. सगळ्यांची हकालपट्टी झाली. पक्षाचं सदस्यत्व गेलं की खासदारकी जाते, असं तिथली राज्यघटना सांगते. पण सभापतींनी त्यांना सभागृहात राहू दिलं आणि भांडण कोर्टात गेलं.

बरोबर कोण, यावर आमच्या कट्ट्यावर बायकांत दोन तट पडले. माझं मत पक्षाच्या बाजूनं जातं, पण पूर्ण नाही. ज्या पक्षात एवढ्या बायका एका झटक्यात बाहेर जातात, तिथं आधी त्यांच्याशी बसून कोण बोललं होतं, हे मी विचारणारच. म्देबाई 2010 आणि 2015 मध्ये दार-एस-सलामच्या कावे मतदारसंघातून लढून जिंकलेल्या होत्या, हे विसरू नका. तेव्हा त्यांच्या पाठीशी स्वतःचे मतदार होते. विशेष जागेवर आल्यावर त्यांचं भवितव्य सभापती, पक्ष आणि कोर्ट यांच्या हातात गेलं.

म्हणून बैठकीची वही सांभाळा. महिला आघाडीनं सुचवलेली नावं, तारीख, कोण हजर, सगळं ठराव म्हणून लिहा, सह्या घ्या आणि प्रत शहराध्यक्षांना देऊन पोच घ्या. तोंडी ‘बघू वहिनी’ला काही किंमत नसते.

फोटोवर भाळू नका. दक्षिण आफ्रिकेत डेमोक्रॅटिक अलायन्स हा पक्ष विरोधात असताना 2011 च्या स्थानिक निवडणुकीत त्यांच्या पोस्टरवर तीन बायका होत्या: पक्षप्रमुख हेलन झिले, केपटाउनच्या महापौरपदाच्या उमेदवार पॅट्रिशिया डी लील आणि तरुण लिंडिवे माझिबुको. माझिबुको त्याच वर्षी संसदेत पक्षनेत्या झाल्या, 2014 मध्ये शिकायला हार्वर्डला निघून गेल्या. डी लील महापौर झाल्या, 2018 मध्ये भांडून बाहेर पडल्या, वेगळा पक्ष काढला. बायकांसाठी कोटा नको, ही त्या पक्षाची भूमिका. कर्तबगार बाई वर येतेच, असं त्यांचं म्हणणं. येतेही. पण तिच्या मागून दुसरी येईल याची सोय कोण करणार?

आता तिकिटाची मुलाखत. नवऱ्याला सोबत न्या, पण चहा प्यायला बाहेर बसवा. आत आला की प्रश्न त्यालाच जातात. ‘खर्च किती करणार?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर देऊन लगेच प्रभागाचा कागद पुढं सरकवा: कुठल्या गल्लीत पाणी कमी दाबानं येतं, कचऱ्याचा टिपर कुठं फिरकत नाही, पंचगंगेचं पाणी 2019 आणि 2021 मध्ये कुठपर्यंत आलं होतं. राखीव जागा असेल तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र किंवा अर्ज केल्याची पावती आधीच फाईलमध्ये हवी. आरक्षण सोडतीच्या दिवशी धावपळ करून भागत नाही. एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाचं अधिकृत तिकीट देणाऱ्या कागदावर, शाईची सही बघा, झेरॉक्स चालत नाही. आणि पर्यायी उमेदवाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे तेही वाचा. बऱ्याचदा तिथं चुलत दीर निघतो.

सोडतीत वॉर्डाचं आरक्षण पुढच्या वेळी बदलणार, हे धरूनच चाला. म्हणून मतदार यादीचं काम आत्ताच लावा. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं माहेरच्या यादीत राहतात, गडहिंग्लजला नाहीतर निपाणीला. फॉर्म नंबर 8 भरून ती इकडं आणता येतात. राज्याबाहेरची असली तरी हाच फॉर्म. आधार, लाइट बिल, जुनं ओळखपत्र घेऊन गल्लीत दुपारी बसा, सकाळी पाण्याची गडबड असते. सासूला आधी विचारा, मग सुनेचा फॉर्म भरा. उलट केलंत तर दार परत उघडत नाही.