मित्राच्या संशयी आईवडिलांचा विश्वास कसा मिळवावा

दहावी संपून अकरावी सुरू झाली की मैत्रीचा परीघ बदलतो. बालवाडीपासून घरचे ज्यांना ओळखत होते ते सोबती वेगवेगळ्या कॉलेजांत विखुरतात आणि मुलाच्या बोलण्यात एक नवे नाव वारंवार येऊ लागते. ते नाव कोणाचे, तो मुलगा राहतो कुठे, त्याच्या घरी कोण असते, यांपैकी काहीच आईवडिलांना माहीत नसते. दिसते ते एवढेच, की आपले लेकरू अलीकडे उशिरा घरी येते आणि फोन आला की गॅलरीत जाते. ते नवे नाव तुमचे असेल, तर त्यांच्या संशयाला अपमान समजू नये. त्यांना तुमची माहिती नाही आणि ती करून देणे बरेचसे तुमच्याच हातात आहे.

पहिल्यांदा जाल तेव्हा इमारतीखाली उभे राहून हॉर्न वाजवू नये, किंवा ‘खाली ये’ असा मेसेज पाठवून मित्राला बाहेर काढू नये. वर जावे, बेल वाजवावी, चपला दाराबाहेर काढाव्यात आणि स्वतःहून पूर्ण नाव सांगावे. मग प्रश्न येतात: राहता कुठे, वडील काय करतात, दहावीला किती टक्के पडले, क्लास कोणता लावला. या चौकशीला कंटाळून एकेका शब्दात उत्तरे दिली, तर हा मुलगा काहीतरी लपवतो आहे असे समोरच्याला वाटते. ६२ टक्के असतील तर ६२च सांगावेत, कारण वाढवून सांगितलेले गुण कधी ना कधी उघडे पडतात आणि त्यानंतर तुमचे खरे बोलणेही पारखून घेतले जाते. पोहे पुढे आले तर खावेत, बशी आत नेऊन ठेवू का असे विचारावे आणि मित्राच्या खोलीत गेल्यावर लगेच दार लावून घेऊ नये. घरात आजी असतील तर त्यांच्यापाशी थोडा वेळ जरूर बसावे. पुष्कळ घरांत नव्या माणसाविषयीचे पहिले मत आजींचे असते आणि ते बराच काळ टिकते.

यानंतरची परीक्षा वेळेची असते. साडेसातला परत येतो असे सांगितले असेल आणि उशीर होणार हे लक्षात आले, तर साडेसात वाजण्याआधीच फोन करावा, आणि तो मित्राला करायला न लावता स्वतः करावा. ‘काकू, क्लास आत्ताच सुटला. आम्ही डेक्कनला बसस्टॉपवर उभे आहोत, सव्वाआठपर्यंत पोहोचतो.’ एवढे पुरे आहे. त्यात ठिकाण आहे, कारण आहे आणि नवी वेळ आहे. ती नवी वेळ मात्र काहीही करून पाळावी, म्हणून सांगतानाच पाच-दहा मिनिटे हाताशी ठेवून सांगावी. आपला नंबर त्यांच्याकडे असू द्यावा आणि त्यांचा फोन आला तर तो उचलावा, मग तुम्ही कितीही गडबडीत असा.

सहलीची परवानगी मागताना ‘सगळे जाताहेत’ या वाक्याचा काही उपयोग होत नाही. पावसाळ्यात पुण्याच्या आसपास मुले कुठे जातात आणि तिथे काय घडते, हे पालक दरवर्षी वर्तमानपत्रांत वाचतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा त्यांच्यासोबत घरची मोठी माणसेही होती. अशा भीतीपुढे वाद न घालता तपशील ठेवावा. सिंहगडाला जायचे असेल तर स्वारगेटहून किती वाजताची बस पकडणार, आतकरवाडीच्या वाटेने चढणार की गाडीरस्त्याने, बरोबर कोण कोण, पाण्यात उतरणार नाही आणि अंधार पडण्याआधी खाली येणार, हे सगळे एका कागदावर किंवा एका मेसेजमध्ये लिहून द्यावे. लोहगडाला जाणार असाल तर मळवली स्थानकावरून परतीची कोणती लोकल पकडणार तेही लिहावे. तरीही नकार आला तर तो एकदा ऐकून घ्यावा. त्या वेळी वाद न घालणारा मुलगा पुढच्या मागणीच्या वेळी त्यांच्या लक्षात राहतो.

गाडीच्या बाबतीत मी कोणतीही सवलत सुचवणार नाही. सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना मिळतो, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वर असतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. सतरा वर्षांचे असताना स्कूटरवर येऊन मित्राला मागे बसवणाऱ्या मुलाविषयी आईच्या मनात शंका आली, तर ती आई बरोबर आहे. बसने किंवा सायकलने यावे.

सगळ्यात अवघड प्रसंग मात्र तुमच्या मित्राकडूनच येतो. ‘आईने विचारले तर मी तुझ्याकडेच आहे असे सांग’, एवढेच तो म्हणतो, आणि नाही म्हटले तर मैत्रीला उणेपणा येईल असे वाटते. हे खोटे टिकत नाही. आई तुम्हाला फोन करते, तुमच्या आईला करते, किंवा मंडळाच्या मांडवात कोणीतरी त्याला पाहिलेले असते, आणि त्यानंतर त्या घरात ‘त्याला बिघडवणारा’ म्हणून जो ओळखला जातो तो तुम्ही असता. म्हणून आधीच, शांत वेळी, मित्राला स्पष्ट सांगून ठेवावे: ‘तुझ्या गोष्टी मी कोणाला सांगणार नाही, पण काकूंनी थेट विचारले तर खोटे बोलणार नाही.’ या दोन्हींत फरक आहे आणि तो पाळता येतो. कोणावर तरी मन जडले आहे किंवा चाचणीत कमी गुण पडले आहेत, हे मित्राने विश्वासाने सांगितलेले असते. ते तुमच्यापाशीच राहावे. आईने खोदून विचारले तर ‘काकू, हे त्यालाच विचारा, मी सांगणे बरे नाही’ असे नम्रपणे म्हणावे. त्या क्षणी त्या नाराज होतील, पण हा मुलगा खोटेही बोलत नाही आणि चहाडीही करत नाही, हे त्यांना उमजते. मित्र व्यसनात अडकत असेल, जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलत असेल किंवा त्याला कोणी धमकावत असेल, तर मात्र गप्प राहू नये; त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगावे, मित्र रागावला तरी.

आपल्या आईवडिलांना यात आणल्याने पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. गणपतीत मित्राच्या घरच्यांना दर्शनाला बोलवावे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच्या आईला आमंत्रण द्यावे. दोन आया एकदा बोलल्या की तुमच्याविषयीचे अर्धे प्रश्न परस्पर सुटतात. मुलगा आणि मुलगी यांच्या मैत्रीत तर हे अधिकच उपयोगी पडते. तिथे अभ्यासाला हॉलमध्ये बसावे आणि घरात मोठे कोणी नसताना जाऊ नये, मग मनात काही असो वा नसो.

काही घरांत आडनाव ऐकल्याबरोबर चेहरा बदलतो, जात किंवा धर्म आडवा येतो. तिथे वेळ पाळून आणि खरे बोलूनही दार उघडेलच असे नाही, आणि त्यात तुमचे काही चुकलेले नसते, हे मी अगदी निक्षून सांगतो. अशा ठिकाणी आडनाव लपवू नये, आर्जवे करू नयेत आणि चोरून भेटून त्यांच्या शंकेला कारणही पुरवू नये. कॉलेजात, ग्रंथालयात, मैदानावर उघडपणे भेटावे. त्यांच्याशी गाठ पडली तर नमस्कार करावा, अभ्यासाचे दोन शब्द बोलावेत, आणि त्यांच्या घरी जायचे ते त्यांनी बोलावल्यावरच जावे.