वॉशिंग मशीनमध्ये पडलेली कुडी कशी शोधावी

कपडे वाळत घालताना कानाला हात जातो आणि कुडी जागेवर नसल्याचे लक्षात येते. अशा वेळी सर्वांत आधी पाळायची गोष्ट म्हणजे मशीन पुन्हा चालू करू नये. "एकदा पाणी भरून फिरवा, वर येईल," असे घरात कोणी ना कोणी म्हणतेच; परंतु सोने आणि मोती तरंगत नाहीत, आणि पाणी बाहेर टाकण्याच्या प्रत्येक फेरीत वस्तू पंपाकडे आणखी थोडी सरकते. म्हणून प्लग काढून ठेवावा, नळ बंद करावा, आणि गरम पाण्यात धुणे झाले असेल तर मशीन निवेपर्यंत थांबावे.

तोवर कपडे तपासावेत. उशीच्या अभ्र्याचे कोपरे, इलॅस्टिकच्या चादरीची शिवण, मोज्यांची टोके आणि उलट्या झालेल्या बाह्या या चार ठिकाणी वस्तू अडकण्याची शक्यता सर्वाधिक असते. येथे इंदुरात नर्मदेचे पाणी दिवसाआड येत असल्यामुळे पाण्याच्या दिवशी एकामागून एक दोन-तीन खेपा धुण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. त्यामुळे केवळ शेवटच्या खेपेचे कपडे झटकून भागत नाही, सकाळी दोरीवर गेलेलेही खाली उतरवावे लागतात.

कपड्यांत काही सापडले नाही, तर पाणी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने शोध घ्यावा. समोरून दार उघडणाऱ्या मशीनमध्ये पहिला थांबा दाराभोवतीच्या जाड रबराच्या घडीचा. घडीचा खालचा भाग दोन बोटांनी स्वतःकडे ओढून आतल्या खाचेत टॉर्चचा प्रकाश टाकावा. त्या खाचेत टाचण्या असू शकतात, त्यामुळे उघडे बोट न फिरवता हातमोजा घालावा किंवा बोटाला फडके गुंडाळावे. आमच्या सासूबाईंची कुडी येथेच मिळाली होती: साबणाच्या करड्या गाळात सातांपैकी दोन मोती तेवढे वर दिसत होते. तिची फिरकी मात्र तेथे नव्हती. दागिना आणि त्याची फिरकी एकाच ठिकाणी सापडतील असे गृहीत धरू नये. फिरकी लहान असल्यामुळे ती पाण्याबरोबर पुढे जाते.

दुसरा थांबा फिल्टरचा. समोरच्या बाजूला, तळाशी, बहुधा उजवीकडे एक छोटी झडप असते आणि तिच्यामागे हाताने फिरवायचे गोल झाकण. ते एकदम उघडल्यास आत राहिलेले दोन-तीन लिटर पाणी, आणि मशीन मध्येच बंद केले असेल तर त्याहून कितीतरी अधिक, जमिनीवर येते. त्या पाण्याबरोबर आपण शोधत असलेली वस्तूही मोरीत जाऊ शकते, म्हणून मोरीच्या जाळीवर आधीच फडके घालावे. पुष्कळ मशीनमध्ये झाकणाशेजारी बूच लावलेली बारीक नळी असते. असल्यास ती बाहेर ओढून बूच काढावे आणि पाणी चहाच्या गाळणीतून पसरट भांड्यात उतरू द्यावे. परात सहसा उंच पडते. काठ कमी असलेली थाळी किंवा केर भरायची सुपली बरी. नळी नसेल तर झाकण घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावे, थाळी भरत आली की बंद करावे, ओतून पुन्हा उघडावे. हे पाच-सहा वेळा करावे लागते आणि कंटाळा येतो, पण त्याला पर्याय नाही. बोअरिंगचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत क्षार साचून झाकण घट्ट बसलेले असते. तेथे पक्कड लावून जोर केल्यास प्लास्टिकची मूठच तुटते. त्याऐवजी कोमट पाण्यात भिजवलेले फडके झाकणावर दहा-पंधरा मिनिटे दाबून ठेवावे.

फिल्टर बाहेर आला की त्यावरचा केसांचा आणि धाग्यांचा गोळा तसाच फेकू नये. तो पांढऱ्या ताटलीत ठेवून बोटांनी उकलावा; आमची फिरकी अशाच गोळ्याच्या पोटात निघाली, आणि वरून पाहिले तर तो निव्वळ मळ वाटत होता. त्यानंतर रिकाम्या भोकात टॉर्च धरावा. आत पंपाचा छोटा पंखा दिसतो; प्लग काढलेला असल्याची पुन्हा खात्री करून तो बोटाने फिरवून पाहावा. तो सरळ न फिरता टप्प्याटप्प्याने, झटके देत फिरतो. आतल्या चुंबकामुळे तो तसाच फिरायचा असतो, मात्र ते ठाऊक नसल्यामुळे "पंप जाम झाला, नवा घाला" या शब्दावर आम्ही एकदा पैसे मोजायला तयार झालो होतो. पंखा मुळीच हलत नसेल, तरच त्याच्या मुळाशी टाचणी किंवा दोरा अडकला आहे का ते पाहावे.

वरून झाकण उघडणाऱ्या मशीनची रचना वेगळी असते. तळाशी पाणी घुसळणारी जी चकती असते, तिच्याखाली नाणी, बटणे आणि केसांच्या पिना वर्षानुवर्षे पडून राहतात. चकतीच्या मध्यावर एक स्क्रू असतो, काही मशीनमध्ये टोपीखाली झाकलेला. तो पेचकसने, म्हणजे इंदुराबाहेर ज्याला स्क्रूड्रायव्हर म्हणतात त्याने, काढावा; निघालेला स्क्रू लगेच वाटीत ठेवावा, अन्यथा शोधायच्या वस्तू दोन होतात. चकतीला भोके असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांत मजबूत नाडी ओवून दोन्ही हातांनी सरळ वर ओढावे. तिरपे ओढल्यास ती दांड्यावर अडकते. क्षारामुळे हलत नसेल तर कडेने सोसवेल इतके गरम पाणी आणि थोडा व्हिनेगर ओतून अर्धा तास थांबावे.

अर्धस्वयंचलित मशीनच्या धुण्याच्या टबमधील चकतीसाठीही हीच कृती उपयोगी पडते. तिच्या पिळण्याच्या टबमध्ये मात्र कपड्यांवर ठेवायची जाळी विसरल्यास रुमाल किंवा मोजा काठावरून बाहेर जाऊन बाहेरच्या भिंतीशी अडकतो. तो टॉर्चच्या उजेडात, टोकाला आकडा केलेल्या तारेने काढता येतो.

चुंबकाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण अनेकजण दोरीला चुंबक बांधून सुरुवात करतात. त्याला टाचणी, सेफ्टी पिन आणि हल्लीची स्टीलची नाणी चिकटतात. सोने, चांदी, पितळ आणि मोती चिकटत नाहीत. चुंबक रिकामा वर आला याचा अर्थ कुडी तेथे नाही असा होत नाही.

एवढे करूनही वस्तू मिळाली नाही, तर मशीन कसे वागते ते पाहून जागेचा अंदाज येतो. पंप घुमतो पण पाणी जात नाही, तर अडथळा पंपात किंवा टबपासून पंपाकडे येणाऱ्या जाड रबरी नळीत असतो. वरून उघडणाऱ्या काही मशीनमध्ये पाणी भरताच गळून जाऊ लागते, तेव्हा वस्तू निचऱ्याच्या व्हॉल्व्हमध्ये असते. रिकामा ड्रम हाताने फिरवताना घासल्याचा किंवा खुळखुळण्याचा आवाज येत असेल, तर ती ड्रम आणि बाहेरचा टब यांच्यामध्ये आहे. तेथे पोहोचण्यासाठी बऱ्याच मशीनमध्ये हीटर काढून त्या भोकातून हात घालावा लागतो. हे काम मेकॅनिकवर सोपवावे. समोरून उघडणारे मशीन साठ-सत्तर किलोंचे असते, त्यामुळे ते एकट्याने आडवे करण्याचा विचारही करू नये, आणि हमीची मुदत शिल्लक असेल तर मागचे पत्र्याचे आवरण स्वतः उघडू नये.

मेकॅनिकला बोलावताना "मशीन बिघडले" असे न सांगता "आत सोन्याची वस्तू आहे, नळी उघडाल तेव्हा खाली भांडे धरा" असे स्पष्ट सांगावे आणि काम संपेपर्यंत शेजारी उभे राहावे.

वस्तू हाती आल्यावर फिल्टर आटे नीट जुळवून घट्ट बसवावा, ड्रममध्ये लिटरभर पाणी ओतावे, प्लग लावून फक्त निचरा चालवावा आणि झाकणाखाली कोरडा कागद धरून पाझर तपासावा. कुडीचे मोती साबणाने निस्तेज होतात, म्हणून ती साध्या पाण्यातून काढून मऊ कापडाने टिपावी, आणि कानात घालण्यापूर्वी फिरकीचे आटे झिजलेले नाहीत ना, हे सराफ्यात दाखवून घ्यावे.