भाजलेला ट्वीबाक: मेनोनाइट निर्वासितांची शिदोरी

रशियन साम्राज्यातल्या मेनोनाइट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या वसाहतींत रविवार विश्रांतीचा आणि उपासनेचा. त्या दिवशी स्वयंपाक जेमतेम, म्हणून शनिवारी ट्वीबाक, म्हणजे दुमजली पाव, भाजून ठेवायचे आणि रविवारी दुपारी पाहुण्यांसोबत 'फास्पा'ला, म्हणजे दुपारच्या हलक्या खाण्याला, खायचे. उरलेले मंद आचेवर कडक करायचे. रशियन क्रांतीनंतर देश सोडायची वेळ आली तेव्हा हीच सवय कामी आली. 1923 ते 1930 या काळात सुमारे 20 हजार मेनोनाइट कॅनडाला गेले, ते असे कडक ट्वीबाक पोत्यांत आणि उशांच्या अभ्र्यांत भरून.

साधारण 36 नगांसाठी: मैदा 1 किलो, दूध 575 मिली, लोणी 250 ग्रॅम, साखर 30 ग्रॅम, मीठ 15 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 10 ग्रॅम. लोणी खारं असेल तर मीठ 10 ग्रॅम पुरे. अंडं घालू नका. लोण्यात काटकसरही नको. ते कमी पडलं की कडक केल्यावर ट्वीबाक दाताला दगडासारखा लागतो.

दूध उकळून त्यात लोणी विरघळवा आणि कोमट होऊ द्या. बोट सहज ठेवता आलं पाहिजे, नाहीतर यीस्ट मरतं. बाकी सगळं मिसळून दहा मिनिटं मळा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, पण हाताला न चिकटणारं हवं. झाकून दुप्पट होऊ द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासाभरात होतं.

आता खरं कसब. हाताला लोणी लावून पिठाचा गोळा मुठीत धरा आणि अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यातून लिंबाएवढा गोळा वर काढून पिळून तोडा. खालचा 35 ग्रॅमचा, वरचा 15 चा. वरचा नेमका मध्यावर ठेवून बोटाचं पेर थेट ट्रेला टेकेपर्यंत दाबा. इथे संकोच केला की भट्टीत वरचा मजला घसरतो. पीठ जास्त फुगलेलं असलं तरी तेच होतं. अर्धा तास थांबून 200 अंशांवर 15 ते 18 मिनिटं भाजा.

प्रवासाचा ट्वीबाक करायचा तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. मग वरचा भाग हाताने सुटा करा, खालचा आडवा फोडा. सुरी नको, खडबडीत बाजू लवकर सुकते. 100 अंशांवर, ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवून, अडीच ते तीन तास. मध्ये एकदा उलटा. घाईने आच वाढवली तर बाहेरून रंग येतो आणि आत ओल राहते, आठवड्यात बुरशी. एक फोडून पाहा: मधोमध मऊ लागला तर परत आत.

ही शिदोरी बरोबर असूनही घरं फुटत. ट्रॅकोमा हा डोळ्यांचा रोग आढळला की त्या माणसाला इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनजवळच्या अटलांटिक पार्कमध्ये किंवा जर्मनीत लेखफेल्डला ठेवून घेत आणि बाकीचं कुटुंब पुढे जाई. सोव्हिएत देशातच मागे राहिलेल्यांचे हाल वेगळे. 1930 च्या दशकात प्रार्थनाघरं बंद झाली, 1937-38 मध्ये पुरुषांची धरपकड झाली. धर्म उरला तो आई-आजीच्या तोंडी: पाठ असलेली भजनं, जेवणाआधीची प्रार्थना. सप्टेंबर 1943 मध्ये युक्रेनमधल्या मोलोच्ना वसाहतीतून, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याबरोबर, पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांत म्हणूनच बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त होती. त्यांतले हजारो पुढे सोव्हिएत हद्दीत परत पाठवले गेले. जे वाचले, त्यांतल्या 2,303 जणांना घेऊन 'फोलेंडाम' हे जहाज 1 फेब्रुवारी 1947 ला ब्रेमरहाफेनहून निघालं. त्यांतले बहुतेक पॅराग्वेत स्थायिक झाले. नव्या वसाहतींत कित्येक घरांची कर्ती बाईच होती. नवरा जिवंत आहे की नाही हेही तिला ठाऊक नसे.

खाताना ट्वीबाक बुडवतात तो प्रिप्समध्ये, म्हणजे भाजलेल्या जवाची कॉफी. ती नसली तर चहा चालेल.

साठवणीत कापडी पिशवीचा मोह टाळा. तिकडची कोरडी हवा तिला सोसत होती, कोकणातला पावसाळा सोसणार नाही. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट भरले तर वाफ धरते. नीट सुकलेल्या ट्वीबाकाला बुरशी येत नाही, त्यातलं लोणी आधी खवट होतं. डबा उन्हापासून लांब ठेवा, आणि महिन्याने उघडल्यावर खाण्याआधी वास घ्या.