सात्सुमा बांधताना : आधी बोल्ट, मग चावी

'माय समर कार' हा फिनलंडमध्ये बनलेला कॉम्प्युटर गेम. काळ 1995 चा उन्हाळा, आणि गॅरेजात सात्सुमा नावाची गाडी सुटी पडलेली. चोपडा-शिरपूर भागात ट्रॅक्टरचं इंजिन खोललेलं ज्यानं जवळून पाहिलंय, त्याला ती जोडायचा क्रम आपोआप कळतो.

इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आधी क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा), त्यावर तीन मेन बेअरिंग, मग चार पिस्टन. कॅम गिअरची (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दांड्याच्या चाकाची) खूण जुळवूनच टायमिंग चेन, म्हणजे त्याला क्रँकशी जोडणारी साखळी, चढवा. त्यानंतर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) आणि हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. हेडचे दहा बोल्ट 7 मिमीच्या पान्याने आवळायचे. पेटीत 5 ते 15 मिमीचे पाने आहेत. माप बरोबर लागलं की बोल्ट हिरवा दिसतो. पण हिरवा दिसला म्हणजे आवळला असं नाही! पुढे फिरेनासा होईपर्यंत फिरवत राहा. बहुतेकांचं इंजिन इथेच बिघडतं : दहापैकी नऊ घट्ट, एक विसरलेला.

ऑइल पॅनचा ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टर घट्ट केल्याशिवाय ऑइल ओतू नका, सगळं खाली गळेल. फिल्टर हातानेच आवळतो, म्हणून तो हमखास राहून जातो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), ब्रेक आणि क्लचचं ऑइल आपापल्या टाकीत भरा. फॅन बेल्ट नसेल तर बॅटरी चार्ज होत नाही आणि पाण्याचा पंपही फिरत नाही. इंजिन तापलंच समजा.

गाडी सुरू झाली, पण फटफट करतेय? डिस्ट्रिब्यूटरचा (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) बोल्ट सैल करून तो थोडाथोडा फिरवा, मग परत आवळा. काळा धूर निघाला तर कार्ब्युरेटरचा (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू बघा, पेट्रोल जास्त जातंय.

भूक, तहान, थकवा, ताण यांची पट्टी सतत डोळ्यांसमोर ठेवा. दुकानातून सॉसेज आणा आणि फ्रीजमध्येच ठेवा, बाहेर खराब होतात. मळ आणि ताण घालवायला सौना (गरम वाफेची खोली) आहे. पैशांसाठी सरपण फोडून पोहोचवा किंवा मैल्याचा टँकर चालवा.

गेम आपोआप सेव्ह होत नाही. त्यासाठी गेममधल्या संडासात जावं लागतं. मे महिन्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा इंजिन जोडून झाल्या झाल्या सेव्ह करा. पर्माडेथ चालू असेल तर मेल्यावर सगळा खेळ पहिल्यापासून.

पहिली फेरी मारून आलात की चाकांचे आणि इंजिनाचे बोल्ट पुन्हा तपासा, हादऱ्याने ते सैल होतात.