रायगड बघावा तो चढताना

रोपवेने गेलात तर मेणा दरवाजाजवळ उतरून पाच मिनिटांत राजवाड्याच्या जोत्यांपाशी पोचाल, पण गडाचं निम्मं स्थापत्य खालीच राहील. ते चढणाऱ्याला अडवण्यासाठी रचलेलं आहे, तेव्हा चितदरवाजाकडून पायीच चढा. पायऱ्या साधारण 1450, वेळ दीड-दोन तास, माणशी दोन लिटर पाणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उजाडताच निघावं. पावसात शेवाळाने पाय घसरतो आणि धुक्यात तटाची वळणं दिसत नाहीत.

सर्वांत जास्त वेळ महादरवाजाला द्या. वाट तटाखालून येते, शेवटी वळते आणि तोवर दार दिसत नाही. साधारण 75 आणि 65 फूट उंचीच्या दोन बुरुजांच्या कवेत ते लपवलंय. दारावर धडक द्यायला हत्तीला लांबून धाव हवी, इथे तेवढी सरळ जागाच नाही. तटातली तिरकी, खाली उतरती भोकं म्हणजे जंग्या. ती हवा-उजेडासाठी नाहीत. आतून एका जंगीला डोळा लावा: पायवाटेचा कोणता तुकडा माऱ्यात येतो ते लगेच कळतं. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत.

वर गेल्यावर नुसती जोती पाहून निराश होऊ नका. जोती दगडी, त्यावरचा डोलारा लाकडी होता. मे 1818 मध्ये इंग्रजांनी शेजारच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आग लागली आणि लाकूडकाम गेलं. राजसभा सुमारे 220 फूट लांब, 124 फूट रुंद आहे. नगारखान्याच्या दारात उभं राहून सिंहासनाच्या जागेकडे बघा. बाजारपेठेत दोन्ही रांगांत 22-22 गाळे आहेत. घोड्यावरून खरेदी व्हायची म्हणून जोती उंच, असं गाइड हमखास सांगतात. ऐकून घ्यावं, पुरावा मात्र मागावा.

जगदीश्वराच्या देवळात संस्कृत शिलालेख आहे. त्यात शक अंकांत नाही, शब्दांत आहे: ‘षण्णवबाणभूमि’. षट् 6, नव 9, बाण 5 (मदनाचे पाच बाण), भूमी 1. सरळ वाचलं तर 6951 येतं, आणि इथेच लोक अडखळतात. असे अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे: शके 1596. त्यात 78 मिळवा, 1674. राज्याभिषेकाचं वर्ष. पुढे गडाचे बांधकामप्रमुख हिरोजी यांनी गडावर उभारलेल्या कामांची यादीच येते: विहिरी, तलाव, स्तंभ, हत्तिशाळा, राजवाडे. गंगासागराकाठचे बाराकोनी मनोरे म्हणजेच त्यातले स्तंभ, असं मानतात.

अक्षरं झिजलेली वाटली तर टॉर्च समोरून मारू नका, दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. खाचांत सावली पडते आणि ओळ उमटते. खडू किंवा रांगोळी भरू नये, ती खाचेत अडकून राहते. आणि निघण्याआधी पायरीकडे बघा. ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’ हा दुसरा, मराठी लेख तिथे आहे. इटळकर म्हणजेच आपण ज्यांना इंदुलकर म्हणतो ते. बरेच जण त्यावर पाय देऊनच आत गेलेले असतात.