राजीनाम्यावर सही करण्याआधी: कामावरून कमी केल्यानंतरची तयारी

सगळ्यात आधी ती सही. कपातीच्या दिवशी एकेकाला केबिनमध्ये बोलावतात आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवतात. "वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे" एवढंच त्यावर असतं. सोबत सांगतात, सही करून टाका, हिशोब आठ दिवसांत होऊन जाईल. माझ्या धाकट्या भावाने नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात सहा वर्षं काढल्यावर अशीच सही केली. संध्याकाळी घरी आला, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, अकरा जणांना कमी केलं. सायेब म्हणे सही करा, नाही तं पैसे अडकतीन." त्या सहीपायी पुढचे पाच महिने आम्ही कागद गोळा करत फिरलो. म्हणून ही यादी तिथूनच सुरू करते.

आपल्याकडे नोकरी गेल्यावर सरकारी आधार अगदी नाही असं नाही. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जात असेल, म्हणजे महिन्याचा पगार २१ हजार रुपयांच्या आत असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. ती १ जुलै २०१८ ला सुरू झाली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवत नेली आहे. आधी सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के मिळायचे, २०२० मध्ये ते ५० टक्के केले. जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे मिळतात, तेही आयुष्यात एकदाच. सरासरी रोज ५०० रुपये पडत असेल तर रोजचे २५० म्हणजे ९० दिवसांचे साडेबावीस हजार. घरभाडं, किराणा आणि पोरांची व्हॅन चालवणाऱ्या घराला ही रक्कम मोठी आहे. पण स्वतःहून नोकरी सोडलेल्याला, संपावर असलेल्याला, गैरवर्तनावरून काढलेल्याला किंवा निवृत्त झालेल्याला ती मिळत नाही. आता पुन्हा त्या टाइप केलेल्या कागदाकडे बघा. कंपनीने कमी केलेला माणूस त्यावर सही केली की स्वतःहून गेलेला ठरतो.

तेव्हा केबिनमध्ये जाण्याआधी मनाशी एक वाक्य पाठ करून ठेवा: "साहेब, मला कमी केल्याचं पत्र द्या, मी राजीनामा लिहून देत नाही." हे म्हणायला धीर लागतो, मला माहीत आहे. समोर तीन माणसं बसलेली असतात आणि बाहेर गाडी निघायची वेळ झालेली असते. तरी एवढं बोलाच. कागद घरी नेऊन वाचतो म्हणा, फोटो काढू द्या म्हणा. दबाव फारच असेल आणि सही करावीच लागली, तर त्याच दिवशी कंपनीच्या मेलवर आणि स्पीड पोस्टने दोन ओळी पाठवा की काम नाही म्हणून मला कमी केलं आहे आणि राजीनामा माझ्या मर्जीचा नाही. पोस्टाची पावती जपून ठेवा. महिनाभराने लिहिलेल्या पत्रापेक्षा त्याच संध्याकाळच्या पत्राला वजन जास्त असतं.

गेटपास जमा करण्याआधी हाताशी काय काय असावं? नेमणुकीचं पत्र, निदान शेवटच्या सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, ओळखपत्राचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो, पंचिंगची किंवा हजेरीची नोंद, बोनसची पावती. कंपनीच्या पोर्टलवर स्लिपा असतील तर त्या दिवशीच उतरवून घ्या, दुसऱ्या दिवशी लॉगिन बंद झालेलं असतं. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरचे निरोप आले असतील तर ते अजिबात पुसू नका. भावाच्या फोनवर शिफ्टच्या ग्रुपमध्ये रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी आलेला एक मेसेज होता: "खालील लोकांनी उद्यापासून येऊ नये, ऑर्डर बंद आहे." खाली अकरा नावं. तो ग्रुपमधून बाहेर पडायच्या बेतात होता, मी हात धरून थांबवलं. पुढे आमचं सगळं काम त्या एका मेसेजवर उभं राहिलं.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. ईएसआयसी आणि पीएफ कुणाच्या नावाने भरला जातो, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? हिंगणा एमआयडीसीत दहा वर्षं एकाच मशीनवर उभा असलेला माणूस कागदावर चार ठेकेदारांचा कामगार निघतो. स्लिपेवरचं नाव बघा आणि पत्रं त्याच नावाने पाठवा, एक प्रत मूळ कंपनीला.

मोबाइल नंबराचं काम याच आठवड्यात उरका. आधारला, बँकेला, पीएफच्या यूएएनला (पीएफचा कायमचा खाते नंबर) आणि ईएसआयसीला एकच चालू नंबर हवा, आणि तो कंपनीने दिलेल्या सिमचा नसावा. सगळं ओटीपीवर चालतं. सिम परत केलं की दारंच बंद होतात.

नावाच्या बाबतीत आपल्याकडे फार गोंधळ असतो, म्हणून इथे थोडी थांबते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गायब. त्यात इंग्रजी स्पेलिंग: ज्ञानेश्वर कुणी 'डी-एन'ने लिहितो, कुणी 'जी-वाय'ने, आणि दोन्ही कागद एकाच माणसाचे. संगणकाच्या लेखी ती दोन माणसं. एका दुपारी जेवणं आटोपल्यावर आधार, पॅन, पासबुक, यूएएन आणि ईएसआयसीची नोंद अशा पाच गोष्टी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, जन्मतारीखही. पासबुकावरचा आयएफएससी कोडही बघा. आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, सिंडिकेट, देना, विजया या बँका २०१९ आणि २०२० मध्ये दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या आणि त्यांचे कोड बदलले. जुन्या पासबुकावरचा कोड भरला तर मंजूर झालेले पैसेसुद्धा परत फिरतात. शाखेतून नवं पासबुक छापून घ्या.

आता दावा. ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनमधून तो भरता येतो. काम सुटल्याला तीस दिवस झाल्यावर तो देय होतो. अट अशी: काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विमाधारक नोकरी, लगेच आधीच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान (पगारातून कापून भरलेली वर्गणी), आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात ७८ दिवसांचं. हे कालावधी सहा-सहा महिन्यांचे असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पोर्टलवर आपलं अंशदान महिन्यानुसार दिसतं. ते छापून घ्या आणि स्लिपेवर कापलेले दिवस तिथे भरले गेलेत का ते ताडून बघा. पगारातून कापलं पण पुढे भरलंच नाही, असं दिसलं तर ती वेगळी तक्रार आहे आणि ती दाव्याआधी करायची.

कारखाना कायमचा बंद झाला असेल किंवा रीतसर कपात झाली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेबद्दलही ईएसआयसीच्या शाखेत विचारा. ती १ एप्रिल २००५ पासून आहे, तिचे पैसे २४ महिन्यांपर्यंत मिळतात, पहिल्या वर्षी सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के. फार थोड्या लोकांना ती माहीत असते. खिडकीवर आपण नाव घेतलं तरच तिची गोष्ट निघते.

आणि ईएसआयसीचं कार्ड फेकू नका. एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात. म्हणजे काम सुटल्यावरही काही महिने सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात घरच्यांचा इलाज होऊ शकतो. बीपीच्या गोळ्या बाहेरून विकत घेण्याआधी हे तपासा.

दावा फेटाळला तर? भावाचा फेटाळला. कारण एका ओळीचं होतं: नोंदीप्रमाणे नोकरी सोडली. कंपनी दर महिन्याचं अंशदान भरते तेव्हा ज्याचे दिवस शून्य त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं. त्या यादीत 'नोकरी सोडली' वेगळं असतं, 'कपात' वेगळं आणि 'काम नाही' वेगळं. अकराही जणांपुढे पहिलं कारण निवडलेलं होतं. खिडकीवर भांडून काही होणार नव्हतं. समोरच्या माणसाला पडद्यावर जे दिसत होतं तेच तो वाचत होता. चूक जिथे झाली तिथूनच ती दुरुस्त व्हायला हवी होती.

म्हणून नकार आला की आधी त्याचं कारण लेखी मागा. मग कंपनीला पत्र: अमुक महिन्याच्या नोंदीत चुकीचं कारण भरलं आहे, दुरुस्त करा, सोबत मेसेजची छापील प्रत. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर सिव्हिल लाइन्सच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. आम्ही एकटे गेलो नाही, अकरांपैकी सात जण एकत्र गेलो. सात अर्ज, सातांवर एकाच मेसेजची प्रत. दोन तारखांना कंपनीचा माणूस आलाच नाही, तिसऱ्या तारखेला आला आणि कपात झाल्याचं पत्र घेऊन आला. त्या पत्रावर नोंद बदलली आणि दावा पुन्हा भरता आला.

वकिलाला पैसे कुठून आणायचे म्हणून लोक इथेच माघार घेतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. दावा नुसताच पडून असेल तर ईएसआयसीच्या महिन्याच्या सुविधा समागमात, म्हणजे तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत, जा, केंद्राच्या तक्रार पोर्टलवर नोंद करा, किंवा दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका: माझा दावा आज कोणत्या टेबलावर आहे? त्याचं उत्तर तीस दिवसांत द्यावंच लागतं. नागपुरात ईएसआयसीचं कार्यालय गणेशपेठेत पंचदीप भवनात आहे, एसटी स्टँडच्या बाजूला. बुटीबोरी, कळमेश्वरहून येणाऱ्यांना सोयीचं. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर सकाळीच पोचा. पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा घ्या, झेरॉक्सच्या दोन-दोन प्रती आधीच काढून न्या.

पीएफचं कार्यालय वेगळं, तुकडोजी पुतळ्याजवळ रघुजी नगरात. तिथे अडतं ते नोकरी सोडल्याच्या तारखेवर. कंपनीने ती भरली नसेल तर शेवटचं अंशदान जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर आपली आपण भरता येते. कारणाच्या रकान्यात बोट सांभाळून ठेवा, एकदा भरलेली नोंद आपल्याला बदलता येत नाही. पैसे किती काढायचे यावर माझं मत ठाम आहे: गरजेपुरतेच. भविष्य निधीच्या केंद्रीय मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच काढता यावेत आणि उरलेले बारा महिन्यांनी. पेन्शनच्या पैशाला तर हातच लावू नका. दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क मिळतो. आठ वर्षं झालेल्या माणसाने फॉर्म १०-सी भरून पैसे उचलले तर ती आठ वर्षं पुसली जातात. त्याच फॉर्ममध्ये योजना प्रमाणपत्र, म्हणजे भरलेली वर्षं जपून ठेवणारा कागद, मागता येतं, ते घ्या. तक्रार ऑनलाइन करता येते, शिवाय दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात 'निधी आपके निकट'चं शिबिर असतं, तिथे समोरासमोर बोलता येतं.

कंपनीकडचं येणं वेगळं मोजा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. त्यांच्याप्रमाणे काढलेल्या माणसाचा उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. पात्र कामगाराला कपातीची भरपाई प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची. त्याशिवाय कमी केलेल्याला नवं काम शिकता यावं म्हणून असलेल्या पुनर्कौशल्य निधीतून आणखी पंधरा दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यात यायला हवा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतरही. ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. हा आकडा घरी कागदावर मांडून मगच कंपनीत जा. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ मध्ये सुरू झाला होता. ज्या गावात आपल्या खापरपणज्यांच्या काळी हे होत होतं, तिथे आपलं हक्काचं मागायला संकोच कशाला?

घरातही सांगायचं असतं, आणि लवकर. हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत जाऊन बोला, चुकल्यावर बोलणं कठीण जातं. किराणावाल्याला तारीख खरी सांगा. मोबाइलवर 'बेरोजगार भत्ता मंजूर, लिंक दाबा' असे निरोप याच दिवसांत जास्त येतात. ओटीपी कुणालाही देऊ नका, ईएसआयसी आणि पीएफ फोनवर ओटीपी मागत नाहीत.

या सगळ्यासाठी एक दोनशे पानी वही करा. कोणत्या तारखेला कुठे गेलो, कोण भेटलं, काय म्हणाले, पावतीचा नंबर काय. तिसऱ्या तारखेला कंपनीच्या माणसाने "यांनी आमच्याकडे कधी मागणीच केली नाही" असं म्हटल्यावर भावाने वहीचं पान उघडून स्पीड पोस्टचा नंबर वाचून दाखवला होता.

नवं काम लागलं की शेवटचं एक. पहिल्या दिवशी जुना दहा आकडी ईएसआयसी नंबर आणि बारा आकडी यूएएन स्वतःहून द्या, नवे काढू देऊ नका. दोन नंबर झाले की दोन वर्षांची अटही तुटते आणि पेन्शनची वर्षंही विखुरतात. भावाला हिंगण्याला काम लागलं तेव्हा तिथला क्लार्क म्हणाला, "भाऊ, नवीन काढून देतो ना, पाच मिनिटाचं काम आहे." भावाने खिशातून चिठ्ठी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. दोन्ही नंबर मीच त्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिले होते.